ल आणि ळ

लेमस्टरच्या या वृद्धाश्रमात
रात्रपाळीच्या फळ्यावर दोन शीला आहेत.
एक मी, शीला कवठेकर, निळ्या गणवेशातली.
दुसरी खोली अकरा, शीला मॅकगिन्ली,
वय एक्याण्णव, बिनसाखरेचा चहा,
डाव्या कुशीवर झोपवू नये.

बाकीच्या मुली आपापली नावं
तासून, घासून, खिशात मावतील एवढी करून घेतात.
सौदामिनीची मिनी झाली, तिनं हूं का चूं केलं नाही.
माझं नाव आलं तसंच आत शिरलं.
विमानतळाच्या खिडकीतला माणूस म्हणाला,
अरे, हे तर माझ्या मावशीचं!
हल्ली कुणी ठेवत नाही.
शिळं झालंय, असं तो म्हणाला नाही.
ते मी म्हणाले, मनात.
इंग्रजीत ळ नाही.

तासगावात होता.
मधल्या सुट्टीत डबा उघडला की
शिळी गं शिळी, कालची पोळी.
आणि एसटी स्टँडपाशी
सायकलवरून जाता जाता कुणीतरी,
तोंडाचा चंबू करून,
शीळ.
घरी आई सांगायची, शील म्हणजे वागणूक,
ती जपायची असते.
एवढ्याशा नावात
जपायचं, टाकून द्यायचं,
आणि मान खाली घालून ऐकायचं, सगळंच.

ब्रॉडी ऑस्ट्रेलियाचा, चादरी बदलताना हसतो:
आमच्याकडे कुठल्याही बाईला शीला म्हणतात.
कुठल्याही?
हो, नाव माहीत नसलं की.

सुट्टीच्या दिवशी किल्पेकला गेले.
चर्चच्या भिंतीवर, छपराखाली,
ससा आणि कुत्रा शेजारी शेजारी आहेत, त्यांच्या पलीकडे
दगडाची एक बाई.
वाटोळे डोळे, आणि दोन्ही हातांनी
आपलं जन्मद्वार उघडं धरून बसलेली,
आठ-नऊशे वर्षं, पावसात.
तिलाही शीला म्हणतात. का, ते नक्की ठाऊक नाही.
किल्ली सांभाळणारी बाई म्हणाली,
कुणी म्हणतं पाप, कुणी म्हणतं बाळंतपण,
मला विचाराल तर ती हसतेय.
मी म्हटलं, आमच्याकडे शिला म्हणजे दगडच.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं,
आणि छत्री माझ्या हातात दिली.

शीला मॅकगिन्लीला दिसत नाही.
अगं, माझं मूळ नावच आंधळं, ती सांगते.
लॅटिनमधलं सिसिलिया,
डोनेगॉलला खारं वारं लागून त्याची शीला झाली.
सत्त्याऐंशी वर्षं वाट पाहिली नावानं,
आणि गाठलं.
मी तिला ळ म्हणून दाखवला.
तिनं कवळी काढून बशीत ठेवली,
जीभ मागे वळवून पाहिली, ठसका लागला.
आमच्याकडेही ल दोन आहेत, ती म्हणाली,
एक जाड, एक बारीक.
इंग्रजांना सांगू नकोस.

फोनवर आईला विचारलं, माझं नाव कुणी ठेवलं?
कानात कुर्र केलं आत्यानं.
पण नाव मिरजेच्या मिशन दवाखान्यातल्या नर्सचं.
रात्रभर माझा हात धरून बसली होती.
गोरी होती का गं?
डोक्यावर पांढरा रुमाल होता. हात गार होते.
मी काय तेव्हा रंग बघत बसले होते?

रात्री तीनला
बेलचं बटण तिला सापडत नाही,
सापडलं तरी ती दाबत नाही.
बापाच्या मेंढरांमागे पळणाऱ्या कुत्र्याला बोलवायची तशी
दोन बोटं ओठांत घालते,
आणि बिनदातांच्या हिरड्यांतून,
अर्धी हवा, अर्धा सूर,
शीळ.

मी धावतच जाते.
कोण?
शीला.
मग मी कोण गं?
तूही.
बरं, ती म्हणते,
मग दोघींचा चहा टाक.
मघाचा नको. ताजा.